बिनचालानाचा शब्द

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन संजूचा, म्हणजे दादाच्या मुलाचा. "काका, बाबा गेले. अब्बीच... चहा मागतला होता, चहा आणेपर्यंत गेले." मी "बरं" म्हणालो, "निघतो" म्हणालो आणि फोन बेसिनच्या कडेला ठेवला. आरशात पाहिलं तर उजव्या गालावर साबण तसाच होता. मी उरलेली दाढी पूर्ण केली. घाईनं नाही, नेहमीसारखी, कानाजवळची रेघ सरळ येते आहे ना ते बघत. मग ब्रश धुतला, झटकला, जागेवर ठेवला. बायको दारात उभी राहून सगळं पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "तो काय म्हणाला ते समजलं ना तुम्हाला?" समजलं होतं. समजूनही हात थांबला नव्हता. या गोष्टीला आता सात आठवडे होतील आणि अजूनही रोज सकाळी उजव्या गालाशी आलो की माझा हात थबकतो.

गोंदियाहून बालाघाटला गाडीनं तासाभराचा रस्ता. चाळीस वर्षं मी तो येतो-जातो आहे. त्या दिवशी खिडकीशी बसून मी दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो, तर चेहऱ्याऐवजी पुन्हापुन्हा एक इंग्रजी शब्द समोर येत होता. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे शब्द डोक्यात येणं नवं नाही. पण हा शब्द मी वर्गात कधीच शिकवला नाही. धड्यात आला तर मुलांना सांगायचो, घरी जाऊन शब्दकोशात बघा. दादाविषयी काही लिहायचं म्हटलं की त्याच शब्दाच्या दारातून आत जावं लागतं, म्हणून इतके दिवस लिहायला बसलो नव्हतो.

दादा, म्हणजे हेमराज, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जंगल खात्यात नाकेदार. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात, मग तो जंगलात फिरो की नाक्यावर बसो. दादा बरीच वर्षं खरोखरच नाक्यावर होता, बैहरच्या रस्त्यावर, घाट चढून गेल्यावर. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला कौलारू खोली, खोलीत एक टेबल आणि एक जाडजूड रजिस्टर. उकव्याकडून मॅंगनीजचे ट्रक यायचे, जंगलातून बांबूचे, सागवानाचे. प्रत्येक ट्रककडे मालाचा कागद असायचा. त्या कागदाचं सरकारी नाव काही का असेना, नाक्यावर सगळे त्याला चालानच म्हणत. चालान दाखवा, नंबर लिहू द्या, बांबू वर जाईल, पुढे निघा. दादाचं अक्षर वळणदार आणि संथ. एकदा ओळ लिहायला घेतली की ती पुरी झाल्याशिवाय तो मान वर करत नसे. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत. "अरे हेमराज भैया, जल्दी करो ना!" दादा म्हणायचा, "हो गया," आणि व्हायला आणखी तेवढाच वेळ लागायचा.

मी त्याला धावताना कधी पाहिलं नाही. घरात काही झालं, कोणी आजारी पडलं, कोणी रडलं, दादा तसाच. आई वैतागून म्हणायची, "या पोराले काही लागतच नाही अंगाले." लहानपणी मलाही तसंच वाटायचं. मी नागपूरला एम. ए. करायला लागलो त्या वर्षी, घरी येऊन परत निघालो तेव्हा तो सुटी काढून स्टँडवर आला. बस सुटायच्या बेतात होती. त्यानं अंगातला खात्याचा खाकी स्वेटर काढला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला. मी म्हणालो, "अन् तुले?" तर म्हणे, "मले गरम होते." डिसेंबर होता. बैहरच्या वर घाटात डिसेंबरात गवतावर पांढरं साचतं, हे मला माहीत होतं. तरी मी स्वेटर घातला आणि खिडकीची काच लावून घेतली.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. एक मोठे साहेब तपासणीला आले. दूरच्या प्रांतातले, मराठी तर नाहीच, हिंदीही तुटक. त्यांची जीप नाक्यासमोर येऊन थांबली तेव्हा दादा एका ट्रकचा नंबर लिहीत होता. अर्ध्या ओळीत होता. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, साहेब स्वतः खाली उतरले, आणि दादानं ओळ पूर्ण करून, टोपण लावून, पेन खिशात ठेवून मग सलाम केला. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, त्यात एक चूक निघाली नाही. मग त्यांनी तपासणीच्या वहीत इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, सही केली आणि गेले. नाक्यावर इंग्रजी येणारं कोणी नव्हतं. दादानं त्या चार ओळी एका कागदावर अक्षर न् अक्षर उतरवून घेतल्या आणि मी सुटीत घरी आलो होतो तेव्हा तो कागद घेऊन रविवारच्या बसनं खाली आला.

मी जेवायला बसलो होतो. तीन ओळी सोप्या होत्या, वाचून सांगितल्या. रजिस्टर नीट आहे, खोलीचं छप्पर गळतं, वगैरे. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की नाक्यावरचा माणूस अमुक आहे, आणि तो अमुक शब्द मला येत नव्हता. दादानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "एन, ओ, एन... नॉन. सी, एच, ए, एल, ए, एन, टी... चालान्ट. नॉन-चालान्ट. हे काय आहे? बिगर चालान का?" त्यानं वर पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. शब्दकोश मागच्या खोलीत, माझ्या ट्रंकेत होता, दहा पावलांवर. पण आई समोर होती, वहिनी भाकर टाकत होत्या, आणि घरातला एकुलता एक इंग्रजीत एम. ए. करणारा पोरगा "मले येत नाही" असं कसं म्हणणार? मी म्हणालो, "हौ. बिगर चालान कोणालेच सोडत नाही असा माणूस. पक्का. तारीफ केली त्यानं तुही."

दादाला पटलं असावं, पण तो नाकेदार होता, दुसऱ्यांदा विचारायची सवय. "इंग्रजीत चालानले चालानच म्हणतात?" मी म्हणालो, "आपलाच शब्द आहे. इथून गेला इंग्रजाबरोबर." असं मी म्हणालो. शब्दाचा अर्थ तर खोटा सांगितलाच, वर त्याचं जन्मगावही खोटं सांगितलं. दादा कागदाची घडी करत म्हणाला, "महिन्याभरात जवाब द्या लागते, म्हून विचारलं. पण मग याले काय जवाब द्याचा? धन्यवाद म्हणू का?" वहिनी हसल्या. आईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिला होता. पानाच्या टपरीपर्यंत जाऊन त्यानं दोघांना तो शब्द म्हणून दाखवला.

नागपूरला परतल्यावर, शेऱ्याच्या तारखेपासून एकविसाव्या दिवशी मी तो शब्द शोधला. एकविसावा दिवस हे पक्कं आठवतं, कारण मी मोजला होता. ग्रंथालयातला मोठा शब्दकोश, दोन हातांनी उचलावा लागणारा. आधी उच्चार पाहूनच चपापलो. नॉनशलंट. चालानचा तिथं मागमूस नव्हता. अर्थ होता, ज्याला फिकीर नाही, ज्याला काही पडलेली नाही. खाली त्याची कुळकथा दिली होती. फ्रेंचांकडून आलेला शब्द, मूळ लॅटिन. नाही आणि ऊब. ज्याच्यात ऊब नाही तो... मी ते पुन्हा वाचलं. आपण एखाद्याला थंड म्हणतो तेव्हा ज्या जागेवर बोट ठेवतो, हजार मैलांवरच्या आणि हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही तिथंच बोट ठेवलं होतं. पर्वा असणं म्हणजे अंगात ऊब असणं. ती विझली की उरतो तो हा शब्द. ग्रंथालयात मी खाकी स्वेटर घालून बसलो होतो.

त्या दिवशी एक अंतर्देशीय पत्र पुरलं असतं. दादा, चूक झाली, तो शेरा वाईट आहे, साहेबांना लिहून दे की तू ओळ पूर्ण करत होतास. पत्र तीन-चार दिवसांत पोचलं असतं, उत्तराची मुदत अजून आठ-नऊ दिवस उरली होती. मी कागद घेतलाही. पहिली ओळ जमेना. मग वाटलं, समोरासमोर सांगावं. मग वाटलं, एवढ्या मोठ्या खात्यात एका शब्दाकडे कोण पाहणार आहे. मग परीक्षा आली. रस्त्यावर बांबू आडवा करून दादा आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासत राहिला, आणि मी एक शब्द बिनचालानाचा सोडून दिला. तो परत बोलवायला वेळ होता, तरी बोलावला नाही.

पुढच्या वर्षी वनपालपदाच्या बढतीची यादी निघाली, तीत दादाचं नाव नव्हतं. त्याच्याहून मागचे दोघे होते. तपासणीत प्रतिकूल शेरा आणि त्यावर उत्तर आलेलं नाही, एवढंच कारण. हे मला संजूच्या बारशाला कळलं, तेही दुसऱ्याच कोणाकडून. मी दादाकडे पाहिलं. तो पाहुण्यांना पानं वाढत होता. मी मनाशी म्हणालो, आता सांगून काय उपयोग. खरं तर तेव्हाही उपयोग झाला असता, वर अपील करता येत होतं. पण मला त्याच सुमारास गोंदियाच्या कॉलेजात नोकरी लागली होती, इंग्रजीचा मास्तर म्हणून लोक मान देऊ लागले होते, आणि एका शब्दासाठी मला तो मान पणाला लावायचा नव्हता. दादा नाकेदार म्हणूनच रिटायर झाला. मागचे दोघे डिप्टी रेंजर होऊन गेले.

तो शब्द मात्र त्यानं सोडला नाही. मी बालाघाटला गेलो की जेवताना, चहा पिताना, कधी ना कधी यायचाच. "आपला तं नॉन-चालान्टचा शेरा आहे भाऊ." माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना त्यानं तो सांगितला. माझ्या प्राध्यापक मित्रांसमोर सांगितला, ते एकमेकांकडे पाहून गालात हसले आणि मी पाणी आणायला उठलो. शब्द म्हणून झाला की दादा थोडा थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मग दुसरं काही बोलायचा. मला वाटायचं, शाबासकीसाठी बघतो. मी मान हलवायचो. चाळीस वर्षं मी मान हलवत आलो.

शेवटची भेट त्याच्या जाण्याच्या महिनाभर आधीची. छातीचं दुखणं सुरू झालं होतं, खाट पुढच्या खोलीत आणली होती. अंगावर जाड गोधडी, पायात मोजे. "थंडी वाजते रे आता," तो म्हणाला. दादाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. इकडचं तिकडचं झालं. मी निघायला उठलो तर म्हणे, "तो शब्द अजून चालते का रे इंग्रजीत?" मी म्हणालो, "चालतो." "बदलला-गिदलला नाही ना त्याचा अर्थ?" मी म्हणालो, "नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मला गाडीची वेळ झाली होती. मी त्याच्या पायावर गोधडी सारखी केली आणि चपला घातल्या. वळून पाहिलं तेव्हा त्यानं कूस बदलली होती, भिंतीकडे.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाली, पाहुणे पांगले, आम्ही घरचेच पुढच्या खोलीत बसलो होतो. संजूची मुलगी, तिचं नाव पूर्वी, कॉलेजात जाते. या पोरांना मराठी समजतं, बोलतात हिंदी. ती मोबाइलमध्ये दादाचे फोटो दाखवत होती. एका फोटोत त्याच्या सत्तरीचा केक, भोवती टाळ्या वाजवणारी माणसं, आणि मधे दादा, बसची वाट पाहत असल्यासारखा. पूर्वी म्हणाली, "देखो ना, दादाजी कितने नॉनशलंट थे!" अगदी बरोबर उच्चार. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" "मतलब कूल, छोटे दादाजी. जिसको किसी चीज़ से फ़र्क नहीं पड़ता. आजकल सब वैसे ही बनना चाहते हैं." तिच्या पिढीत ती तारीफच झाली होती. माझा खोटा अर्थ इतक्या वर्षांनी हिंडून फिरून थोडासा खरा होऊन आला होता, आणि मला क्षणभर हलकं वाटलं, हेही कबूल करतो. मग माझं लक्ष वहिनींकडे गेलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

पोरं उठून आत गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थो शब्द असा म्हणतात का? नॉनशलंट?"

मी म्हणालो, "हौ."

"त्याईले मालूम होतं."

मला आधी समजलंच नाही. "काय मालूम होतं?"

"अर्थ. यादी निघाली तवाच. रेंजर साहेबाले विचारून आले होते थे. घरी आले, हात-पाय धुतले, अन् मले सांगतलं का मास्तरनं उलटा सांगतला होता म्हणून." वहिनींच्या आवाजात राग नव्हता. बाजारातली गोष्ट सांगावी तशा सांगत होत्या. "मी म्हणलं, मंग विचारा ना त्याईले, काहून सांगतला असा? तं म्हणे, नाही. त्याले समजलं असंन आतापर्यंत. तो सांगन आपल्या तोंडानं."

मी म्हणालो, "पण वहिनी, तो तर नेहमी... सगळ्यांसमोर म्हणायचा."

"तुम्ही आले कीच म्हणत," वहिनी म्हणाल्या. "एरवी या घरात तो शब्द कवा निघाला नाही."

मला चाळीस वर्षांतली एकेक पंगत आठवू लागली. माझं लग्न. प्राध्यापक मित्र. शब्दानंतरचं ते थांबणं, ते बघणं. प्रत्येक वेळी त्यानं माझ्यासमोर रजिस्टर उघडलं होतं आणि मी मान हलवून पुढे निघून गेलो होतो. वाट पाहणाऱ्या माणसाकडे मी इतकी वर्षं शाबासकी मागणारा माणूस म्हणून पाहत होतो. आणि शेवटच्या दिवशी, गोधडीत काकडत, त्यानं सरळ विचारलंच होतं. याहून सरळ कसं विचारायचं?

"रागावला होता का?" मी विचारलं.

वहिनींनी जरा विचार केला. "पहिले काही दिवस जेवले नाही बरोबर. मंग म्हणे, लहान होता, येत नसंन त्याले, लाजला असंन. येत नसंन तं त्यात काय गुन्हा? मंग कवा रागावले नाही." आणि मग म्हणाल्या, "तुम्हाले तवा येत नव्हता ना तो शब्द, भाऊजी? थे तेच म्हणत. मुदतीत समजला असता तं माहा भाऊ धावत आला असता, म्हणत."

खाट अजून तिथंच होती. गादी उन्हात टाकायला काढली होती, नुसती पट्ट्यांची निवार उरली होती, मधोमध खोल गेलेली. मी त्या खोलगट जागेकडे पाहत होतो. एकविसावा दिवस दादाला कोणी सांगितला नव्हता. ग्रंथालय, हातात घेतलेला कोरा कागद, उरलेले आठ-नऊ दिवस. रेंजरला माहीत नव्हतं, वहिनींना माहीत नव्हतं. त्यानं माझ्यासाठी एक माफी तयार करून ठेवली होती आणि ती मला बसत नव्हती.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याच्यात अजून एक गोष्ट आहे. दादालेही मालूम नव्हती."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाटेकडे. शेवटची दोन-तीन वर्षं दादाला कमी ऐकू यायचं. त्याला कोणी काही महत्त्वाचं सांगणार असलं की वहिनी आधी उठून पंखा बंद करायच्या, त्याच्या घरघरीत त्याला शब्द सापडत नसत म्हणून. आता त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंतीशी गेल्या, आणि पंख्याचं बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली. खोलीत काही आवाज उरला नाही.

"हं," वहिनी म्हणाल्या, "सांगा त्याईले."